वेळेचं बटण

१

सकाळी खुर्चीवर बसले की मी आधी हेडफोन कानाला लावते, पर्स नंतर ठेवते. मशीन सुरू होतं, आवाज येतो, आणि मग माझा दिवस उजाडतो. मी रत्ना. जन्मापासून आंधळी. 'दिव्यांग' वगैरे शब्द कार्यालयाच्या पत्रांत शोभतात, मला त्यांची गरज पडत नाही. अमळनेरहून जळगावला रोज अपडाऊन करते. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच आहे.

माझं काम तक्रारी नोंदवायचं. गावोगावचे लोक पाण्याच्या तक्रारी ई-मेलने पाठवतात. मी त्या ऐकते, तालुक्याप्रमाणे लावते आणि संबंधित साहेबांकडे पाठवते. ऐकते म्हणजे, कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतं. हे फुकट मिळतं. जगभरातले लोक एकही पैसा न घेता ते तयार करतात, त्यात कितीतरी स्वतः आंधळे आहेत. बाकी जगाने आमच्यासाठी जे केलं त्यात हे एक मला मनापासून आवडतं.

माझ्या टेबलावर पडदाच नाही. आमचे शिपाई अभिमननाना पहिल्याच आठवड्यात तो काढून माझ्याबरोबर काम करणाऱ्या पुनमच्या टेबलावर ठेवून आले. "तुमले काय उपेग, ताई?" म्हणाले. खरंच होतं, म्हणून मी हसले. तेव्हा वाटलं नव्हतं की पुढे माझ्या मशीनवर काय चाललंय हे डोळ्यांनी बघणारं कोणी असावं असं मला वाटेल.

त्या दुपारी जेवून आले, पहूरच्या एका माणसाची तक्रार ऐकायला लावली. "आमच्या गल्लीत गेल्या आठवड्यापासून पा" एवढं बोलून आवाज गेला. शब्द संपला नाही, अर्ध्यातच गेला. डोळस माणसाला हे कसं सांगू? तुम्ही जिना उतरताय आणि पुढची पायरीच नाही, तसं. मी दोन-चार बटणं दाबली. उत्तर नाही. कानात नुसता माझाच श्वास येत होता.

पुन्हा सुरू केलं, चालू झालं. असं होतं कधीकधी, म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत झालं. मग रोजच, दुपारी जेवण झाल्यावर.

२

आवाज गेला की मी कुठे टाइप करतेय ते मला कळत नाही. अशाच एका दुपारी यावलची तक्रार अमळनेरला गेली. यावलच्या त्या वस्तीत टँकर गेला नाही, आणि तिथून एक बाई फोनवर जे बोलल्या ते रास्तच होतं.

रुपचंद साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस चांगला. चांगल्या माणसांचीच मला जास्त भीती वाटते. ते म्हणाले, "मॅडम, कशाला एवढा त्रास करून घेता? पुनम बघेल तक्रारींचं. तुम्ही आरामात बसा. पगार काही थांबत नाही."

"बसून काय करू, साहेब?"

"अहो, बसायचं. तुम्हाला कोण बोलणार आहे?"

हे काम मिळवायला मी किती अर्ज केले, किती जणांपुढे टाइप करून दाखवलं, ते मलाच माहीत. मी म्हटलं, मला महिनाअखेरपर्यंत द्या, मी दुरुस्त करून घेते. साहेब हसले. "बघा बापा," म्हणाले. बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते.

त्याच संध्याकाळी मी विधीला फोन केला. विधी धुळ्याची. घरचं कापडाचं दुकान, आणि दुकान सांभाळून ती या सॉफ्टवेअरचं मराठी बघते. कुणाचं काही बंद पडलं तर ती शोधून काढते, मग परदेशातल्या मुख्य लोकांकडे नीट मांडते. कधी भेटलो नव्हतो. तिने मला तीन प्रश्न विचारले. काय करत होता? काय झालं? काय व्हायला हवं होतं?

हे तीन प्रश्न या क्रमाने मला आजवर कोणीच विचारले नव्हते. मला तिथल्या तिथे बरं वाटलं.

"ताई, लॉग सुरू करून ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण आणि आवाजाने बोललेलं प्रत्येक वाक्य त्या फाइलमध्ये उतरतं. बंद पडलं की मला पाठवा. कारण सापडेलच, ताई. आपोआप काही होत नाही."

तिचं ते शेवटचं वाक्य मी बरेच दिवस धरून ठेवलं होतं.

३

"रत्नाताई, तुम्ही फार वेळा वेळ विचारता का हो?" मी पाठवलेला लॉग वाचून विधीने फोनवर विचारलं.

स्क्रीन रीडरमध्ये वेळ विचारायची एक सोय असते. एक बटण धरून ठेवायचं आणि वरच्या ओळीतलं उजव्या टोकाचं दाबायचं. आवाज किती वाजले ते सांगतो. मी ती सोय वापरतच नाही. माझ्या मनगटावर उघड्या काचेचं घड्याळ आहे, काच उचलून काट्यांना बोट लावलं की झालं. शाळेतून निघताना बाईंनी दिलं होतं.

"मी कधीच विचारत नाही," मी म्हटलं.

विधीने लॉग परत वरून वाचायला घेतला. "इथे तर सगळं तेच आहे. दुपारभर वेळ, वेळ, वेळ. इतक्यांदा विचारून मेमरी तुंबते. मग तुम्ही काम करत असताना अजून एकदा विचारलं जातं, आणि तिथेच आवाज पडतो. प्रत्येक दिवशी शेवटची ओळ तीच आहे. काल तक्रार चालू होती ना? त्या अर्ध्या शब्दानंतर वेळेचं बटण दाबलंय."

"मी नाही दाबलं."

"बटण अडकत असेल. चहाबिहा सांडला होता का?"

चहा माझ्या आधी कुणी सांडला असेल तर मला काय माहीत? अभिमननानांनी स्टोअरमधून नवा कीबोर्ड आणून दिला, अजून प्लास्टिकचा वास येणारा. मी बटणं एकेक चाचपली. सगळी दाबली की मोकळी वर येत होती. मला हायसं वाटलं. एवढीशी गोष्ट होती, आणि मी तिच्यासाठी रात्री जेवत नव्हते.

दुपारी "नळाला मोटर लावून" एवढं बोलून आवाज गेला.

४

परदेशातल्या मुख्य लोकांपैकी एकाने आमच्या तक्रारीखाली लिहिलं, 'माझ्याकडे असं होत नाही.' विधीने ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे गृहस्थ आमच्या कार्यालयात सहज खपतील.

विधी मात्र हसली नाही. ती लॉग पुन्हा पुन्हा वाचत होती.

"ताई, अडकलेलं बटण एकसारखं दाबलं जातं. हे तसं नाही. हे दाबलंय, मग सोडलंय. आवाज पूर्ण होऊ दिलाय. थोडं थांबून परत दाबलंय. एकाच मिनिटात दोनदा, कधी तीनदा. म्हणजे कोणीतरी ऐकतंय. आणि हे सगळं सुरू होतं तुमच्या जेवणाच्या सुट्टीत."

माझ्या सुट्टीत हेडफोन टेबलावर पडलेला असतो. म्हणजे रोज दुपारी तो हेडफोन कुणीतरी कानाला लावत होतं.

मला भीती नाही वाटली, राग आला. आमच्यासारख्यांची मस्करी करणारे लहानपणापासून बघितलेत. हातातली काठी लपवणारे, खुर्ची सरकवणारे. आणि माझं काम गेलं तर ते कुणाकडे जाणार होतं, हेही मला माहीत होतं. मी सरळ पुनमच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझं काम हवं असेल तर साहेबांकडे माग. माझ्या मशीनला हात लावू नको."

 पुनमचा आवाज रडवेला झाला. "ताई, जेवताना मी रोज तुमच्याच शेजारी बसते. तुमच्या डब्यातली चटणी खाते. मी कधी येणार इथे?"

ते खरं होतं. आम्ही सगळ्या पलीकडच्या खोलीत एकत्र जेवतो. पुरुष खाली कँटीनला जातात. आणि ही खोली सुट्टीत अभिमननाना कुलूप लावून बंद करतात, कागदपत्रं असतात म्हणून. किल्ली त्यांच्या कमरेला. जेवताना ती किल्ली व्हरांड्यात वाजत असते, मी रोज ऐकते.

मी पुनमची माफी मागितली. तिने "असू द्या" म्हटलं. त्यानंतर तिने माझी चटणी घेतली नाही.

५

"नाना, सुट्टीत आत कोण असतं?"

अभिमननानांनी किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाले, "ताई, तो टेबल चिंधाभाऊना शे. तुमले कोन्ही सांगं नही का?"

"कोण चिंधाभाऊ?"

"टेलिफोनवाला. तुमनामायकच, दिखे नही त्यासले. तो टेलिफोनना बोर्ड काढी लिधा, मंग काम उरनं नही. पन नोकरी त व्हती. बशी ऱ्हायेत दिवसभर. बठ्ठा लोके जेवाले जायेत, हाई मानूस आठेच बशी ऱ्हाये. मले इचारेत, नाना, कितला वाजनात? जराक येळ जाये, परत, नाना, कितला वाजनात? मी बी कटाळनू, ताई. मंग कोन्ही तरी त्यासले हाई बोलनारं मशीन दिन्हं. तेवढंच एक बटन शिकनात ते."

"आता कुठे असतात?"

"रिटायर व्हयनात आनि मरी गयात. नवं काय शे त्यामा." नाना उठले. "तुम्ही आठे येकल्या नका बसू."

मी स्वतःला सांगितलं, म्हातारा माणूस आहे, त्याला गोष्टी रचायची हौस. विधीने सांगितलंय, आपोआप काही होत नाही. पण महिना संपत आला होता, आणि कारण कळल्याशिवाय मी साहेबांपुढे उभी राहू शकत नव्हते. मी नानांना म्हटलं, उद्या सुट्टीत मला आत ठेवून कुलूप लावा.

त्यांनी लावलं. किल्ली फिरल्याचा आवाज आला, मग चपला लांब गेल्या. पलीकडून डबे उघडल्याचे आवाज येत होते, कुणीतरी हसलं. वर पंखा एका बाजूला जरा घासत फिरत होता. मी हेडफोन कानावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले, बोटांत बोटं अडकवून, कारण मला माझ्याच हातांची खात्री करून घ्यायची होती.

काहीच झालं नाही. पलीकडे चहाचे कप वाजायला लागले. मला स्वतःची लाज वाटू लागली.

मग आवाज बोलला. किती वाजले ते सांगितलं आणि थांबला.

माझे हात मांडीतच होते. थोड्या वेळाने आवाजाने तेच सांगितलं, तेच मिनिट. नुकतंच ऐकलेलं माणूस पुन्हा का विचारील, हे मला समजेना. मी हात सोडवले आणि सावकाश कीबोर्डवर नेले. धरून ठेवायचं बटण खाली होतं. मी त्यावर बोट ठेवलं, दाबलं नाही, नुसतं ठेवलं. ते खालीच होतं, कुणीतरी धरल्यासारखं घट्ट. दुसऱ्या हाताचं बोट मी वेळेच्या बटणावर टेकवलं. ते माझ्या बोटाखालून खाली गेलं. माझ्या बोटाने ते ढकललं की त्याने माझं बोट ओढून नेलं, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

मी कीबोर्डवरून हात फिरवला. वर काही नव्हतं, हवा होती.

आणि तेव्हा माझ्या उजव्या कानावरचा हेडफोन जरासा उचलला गेला. ओढला नाही, हिसकला नाही. दोघांत एकच हेडफोन असला की दुसरा माणूस ऐकायला जवळ येतो आणि आपली बाजू थोडी कलते, तेवढाच. माझ्या उजव्या गालाला वारा लागायचा थांबला. पंखा फिरतच होता.

मग बटण भराभर दाबलं जाऊ लागलं. आवाजाला बोलू देईना. "एक वा", "एक", "ए". आणि आवाज पडला.

पण बटण थांबलं नाही. मेलेल्या आवाजाला ते विचारत राहिलं. टक, टक, टक. खोलीत फक्त तेवढंच होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडले नाही, कारण मला फार वाईट वाटलं. मी मनगटावरची काच उचलली, काट्यांना बोट लावलं आणि मोठ्याने सांगितलं, "पावणेदोन होत आले, भाऊ."

बटण थांबलं. हेडफोन हळूच कानावर परत बसला.

६

विधीला मी एवढंच सांगितलं की मी आत बसले होते आणि कोणी आलं नाही. तिने तो लॉग वाचला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका," ती जपून म्हणाली, "हाताची सवय असते. आपल्याला कळतही नाही. माझी आजी जपमाळ नसली तरी बोटं फिरवायची."

मी काय सांगणार होते? काय झालं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण तिच्या तक्रारीच्या रकान्यात मावणारं नव्हतं.

तिने काम मात्र चोख केलं. कोणी कितीही वेळा वेळ विचारली तरी आवाज पडू नये, अशी दुरुस्ती तिने मुख्य लोकांकडून करून घेतली. महिनाअखेरच्या आत नवं सॉफ्टवेअर आलं. मी ते चढवलं, दोन दिवस बघितलं. दुपार गेली, संध्याकाळ झाली, आवाज एकदाही पडला नाही. मी नाचायचीच बाकी होते. साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "झालं, साहेब. आता बंद पडत नाही."

"अरे वा," साहेब म्हणाले. "छानच की. पण मॅडम, ते पुनमकडे दिलं मी कालच. आदेश निघाला. आता परत फिरवायचा म्हणजे," आणि ते कागद चाळू लागले. "तुम्ही तशाही दमला होतात. मला सगळे सांगत होते, सुट्टीत एकट्याच आत बसता, स्वतःशी बोलता. विश्रांती घ्या. मशीन राहू द्या तुमच्याकडे. ते नाही काढत."

पुनमने माझ्या टेबलाशी येऊन माझा हात धरला. "ताई, मी मागितलं नव्हतं," म्हणाली. मला माहीत होतं. मी तिच्यावर आधीच ओरडून बसले होते, आता ओरडायलाही जागा राहिली नव्हती.

धुळ्याहून संदेश आला, तक्रार निकाली निघाली. काय व्हायला हवं होतं, हे आता कोणी विचारणार नव्हतं.

७

मी रोज येते. अपडाऊन चुकत नाही. हेडफोन आधी, पर्स नंतर. मशीन सुरू होतं आणि सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं.

पहिले काही दिवस मी घड्याळाला बोट लावायचे. मग पुनमच्या टेबलाकडून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "बघ, परत घड्याळ चाचपतेय." त्या दिवसापासून घड्याळ घरी कपाटात ठेवलं. जेवायलाही जात नाही. त्या बायकांत बसले की सगळ्या कामाचं बोलतात आणि मी आहे हे आठवलं की गप्प होतात. नाना कुलूप लावताना आता काही म्हणत नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, नाना, किती वाजले? त्यांनी सांगितलं. थोड्या वेळाने परत विचारलं, तर ते न बोलता निघून गेले.

परवा विधीचा फोन आला. खुशीत होती. नव्या सॉफ्टवेअरची खात्री करायला मी तिला एक दिवसाचा लॉग पाठवला होता.

"ताई, कमाल केलीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती वेळ विचारलीय. एकदा विचारून झालं, लगेच परत. जणू दोन माणसं आळीपाळीने विचारताहेत. आणि आवाज एकदाही पडला नाही. एवढी तपासणी माझ्याकडून झाली नसती. सगळं तुम्हीच दाबलंत ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

फोन ठेवला. सगळे जेवायला गेले, किल्ली फिरली. पंखा त्याच बाजूला घासत होता. आताच तर ऐकली होती वेळ, तरी मला परत ऐकावीशी वाटली. मी हात पुढे केला. बटण आधीच खाली होतं.

ते वर येईपर्यंत मी थांबले. मला तरी कसली घाई होती.